सतरा हजारांचा करार आणि लोणावळ्याची बस

लोणावळ्याहून सुदुंबऱ्याला जाणारी कंपनीची बस पहाटे सव्वापाचला सुटते, आणि तिच्यात ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर सारिका ओव्हाळ बसते. ही सीट तिला कुणी नेमून दिलेली नाही. सोळा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी ती घाबरत घाबरत चढली, समोर जी जागा दिसली तिथे टेकली, आणि मग तिथलीच झाली. ती रजेवर असली तरी त्या जागी कुणी बसत नाही. एकदा एक नवा कामगार बसला होता. हनुमंत ड्रायव्हर आरशातून त्याच्याकडे नुसता बघत राहिला आणि बस काही हलेना. शेवटी तो गडी आपणहून उठून मागे गेला.

कंपनी मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवते. सारिका तपासणीत आहे. पर्मनंट आहे, आणि गेली काही वर्षं युनियनच्या कमिटीवर एकुलती एक बाई आहे. कमिटीत ती कशी आली, हे सांगण्यासारखं आहे. निवडणुकीच्या वेळी कुणीतरी म्हणालं, एक बाईमाणूस पाहिजे, फोटोत बरं दिसतं. सारिका बसमध्ये अखंड बोलते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाच उभं केलं आणि बिनविरोध निवडून आणलं. पण गंमत अशी, की बसमध्ये जिच्या तोंडाला कुलूप नाही, ती कमिटीच्या खोलीत गेली की मुकी व्हायची. तिथे सगळे एकमेकांचे शब्द तोडून बोलायचे. सारिकाला कुणी बोलत असताना मध्ये तोंड घालायची सवय नव्हती, आणि तिथे तर कुणी थांबतच नसे.

आता करार म्हणजे काय, ते तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दर तीन वर्षांनी युनियन आणि कंपनी यांच्यात पगारवाढीचा करार होतो आणि त्याला आकड्याचं नाव पडतं. अमक्या कंपनीचा बाराचा, म्हणजे महिन्याला बारा हजार वाढीचा, तमक्यांचा पंधराचा. करारात कलमं ढीगभर असतात, पण आकडा तेवढा लक्षात राहतो. लग्न जमवायला पाहुणे आले, पोहे झाले, शेतीवाडी विचारून झाली, की मुलीचा मामा जरा पुढे सरकतो आणि हळूच विचारतो, तुमचा कितीचा झाला? करार झाला की गेटवर गुलाल उधळतात, फटाके लावतात आणि चौकात कमिटीच्या फोटोंचा फ्लेक्स लागतो. आमदाराचा फ्लेक्स एक वेळ खाली उतरेल, कराराचा दिवाळीपर्यंत हलत नाही.

सारिकाच्या कंपनीचा करार वर्षभर लोंबकळला होता. अध्यक्ष होता कैलास गाडे, सुदुंबऱ्याचाच. कंपनीची प्रेस मशीनची शेड जिथे उभी आहे तिथे कैलासचा आजा बाजरी पेरायचा. माणूस मनाचा उमदा. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर रात्री-अपरात्री स्वतःची गाडी काढणारा. पण रस्त्यापलीकडच्या कंपनीचा सोळाचा करार झाला, आणि तेव्हापासून कैलासची झोप उडाली होती. त्याची मॅनेजमेंट साडेपंधराच्या वर एक रुपया सरकायला तयार नव्हती.

"सोळाच्या खाली सही केली तर गावात मला कुत्रं इचारायचं न्हाई," असं तो कमिटीत उघड म्हणायचा.

आणि मग एके दिवशी जादू झाली. मॅनेजमेंटकडून प्रस्ताव आला, की लोणावळ्याची बस बंद करू, तिचा खर्च सगळ्यांना हजेरीप्रमाणे प्रवास भत्ता म्हणून वाटून देऊ. भत्ता मिळवला की आकडा जातो सतरावर! समोरच्यांच्या एक पायरी वर. कमिटीच्या खोलीत असा आनंद झाला, की कुणाच्या तरी हातून चहा सांडला.

"आणि बस?" सारिकाने विचारलं.

"ताई, बस म्हंजे रिकामं डबडं फिरतंय डिझेल जाळत," कैलास म्हणाला. "निम्मी माणसं तर बाईकवरच येत्यात. बसचा ठेकेदार गबर झाला, आपल्याला काय? त्यापेक्षा पैसा आपल्या पगारात."

म्हणणं खोटं नव्हतं. मागच्या सीटा रिकाम्याच असायच्या. सारिकाला काहीतरी बोलायचं होतं, पण तोवर पुढचं बोलणं सुरू झालं होतं. ती गप्प बसली. कमिटीत गप्प बसणाऱ्याचा होकार धरतात, त्यामुळे मसुदा एकमताने मान्य झाला. आता शनिवारी पाळी बदलताना गेटवर सभा व्हायची, हात वर करून मतं घ्यायची, आणि गणपतीच्या आत सह्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये हाच विषय. वलवणपासून कार्ला फाट्यापर्यंत पुरुषमंडळींनी सतरा हजार खर्चसुद्धा करून टाकले. ओंकार नावाचा एक तरणा कामगार कार्ला फाट्याला चढायचा, तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मी बाईक काढणार. निम्मा भत्ता पेट्रोलला, निम्मा माझा. ह्या खटाऱ्यात कोण बसतंय?"

"खटारा कुणाला म्हणतोस रं?" हनुमंतने आरशातून विचारलं. तो ठेकेदाराचा माणूस. त्याला युनियन नाही आणि करारही नाही. बस बंद झाली तर तो कुठे जाणार, याची चौकशी अजून कुणी केली नव्हती.

पुढच्या सीटांवर बायका बसायच्या. त्या दिवशी त्यांच्यात कुणी एक शब्द काढला नाही.

कामशेतच्या अलीकडे नाणे मावळातून येणारा रस्ता हायवेला मिळतो. तिथे अनिता उभी असायची, आणि तिच्याबरोबर बॅटरी घेऊन तिचा सासरा. हे रोजचं दृश्य होतं. म्हातारा बॅटरीचा उजेड आधी बसच्या काचेवर टाकायचा, मग हनुमंतच्या तोंडावर, आणि विचारायचा, "परत कवा आणनार?" हनुमंत रोज सांगायचा, "रोजच्या टायमाला, आबा." तेवढं ऐकून म्हातारा माघारी वळायचा. दुपारी बस परत आली की तोच तिथे, बॅटरीच्या जागी हातात काठी. बसला उशीर झाला तर हनुमंतला जाब द्यावा लागायचा. अनिता आठ वर्षं नोकरी करत होती आणि आठही वर्षं ती हनुमंतच्या हातून म्हाताऱ्याच्या हाती अशीच पोचती होत होती.

बसमधल्या सगळ्या बायकांचं थोड्याफार फरकाने हेच. कुणाचा दीर यायचा, कुणाची सासू फाट्यावरच्या दुकानात फोन करून विचारायची, बस गेली का. पुरुषांना बस म्हणजे वाहन वाटत होतं. बायकांना ती घरातून मिळालेली परवानगी होती. पहाटे अंधारात बाहेर पडायचं, ते कंपनीच्या बसमध्ये बसायला, ओळखीच्या ड्रायव्हरच्या मागे. दुपारी ठरल्या वेळी परत. मध्ये कुठे जाणं नाही, थांबणं नाही. भत्ता घेऊन लोकलने जायचं तर कुठली लोकल, डब्यात कोण, तळेगावला उतरून पुढे कुणाच्या रिक्षात बसली, हे घराला कसं कळणार? म्हणजे बस होती म्हणून बाहेर पडता येत होतं, आणि बस होती म्हणून कुठे वाकडी वाट करता येत नव्हती. सारिकाच्या मनात हा विचार पहिल्यांदाच आला, आणि तिला तो आवडला नाही. ज्या बसला वाचवायचं, ती आपली सोय की आपल्यावरचा पहारा, हे तिचं तिला ठरवता येईना.

कारण तीही यातून सुटलेली नव्हती. भुशीच्या वाटेवरच्या वस्तीत तिचं घर. नोकरीचा विषय निघाला तेव्हा सासू चिमाबाई म्हणाली होती, "बस दारात येती ना? मंग जा." नवरा प्रदीप एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी. हाताला चव आणि स्वभाव गरीब. सासरे श्रीपती रेल्वेतून निवृत्त झालेले, घाटात गँगमन होते, युनियनचे जुने कार्यकर्ते. जयंतीला त्यांचं भाषण ठरलेलं, आणि त्यात स्त्रियांच्या हक्कांवर दहा मिनिटं असायचीच. वस्तीत ओव्हाळांचं घर सुधारलेलं समजलं जाई. सून नोकरी करते, कमिटीवर आहे, माईकवर नाव घेतात. सारिकालाही त्याचा अभिमान होता.

आणि तरी चार वर्षांपूर्वी ठेकेदार बदलला आणि नव्याने हनुमंतला कामावर घेईपर्यंत आठवडाभर बस आली नाही, तेव्हा काय झालं? पुरुषमंडळी पहिल्या लोकलने गेली. सारिकाने डबा भरला, चप्पल घातली, आणि प्रदीप अंथरुणातून म्हणाला, "अंधारात एकटी स्टेशनला जाणार? लोक काय म्हणतील? राहू दे आठवडाभर, काय बिघडतं?" त्यात वेडंवाकडं काही नव्हतं. आवाजही चढलेला नव्हता. भुशीच्या रस्त्याला शनिवार-रविवारी दारू पिऊन पडलेली माणसं असतात, हेही खरं. पण सोमवार ते शुक्रवार तसं काही नसायचं. आणि प्रदीप स्वतः त्याच रस्त्याने रिसॉर्टमधून मध्यरात्री चालत घरी यायचा, त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. श्रीपती शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. त्या आठवड्यात त्यांचं वाचन फार वाढलं होतं. सारिकाने चप्पल काढली आणि कंपनीला कळवलं, ताप आलाय.

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत हात धुताना तिने अनिताला गाठलं. "शनिवारी सभेत बायकांनी बोललं पाहिजे. बस गेली तर तुझं काय होणार, हे तू सांग. तूच सांगितलंस तर पटेल."

अनिता नळ बंद करायचा विसरली. "मी? ताई, आमच्या भावकीतली निम्मी हितं कामाला हायेत. मी घरचं उणं चारचौघांत काढलं, तर बस ऱ्हायली तरी मी न्हाई ऱ्हायची."

"मग मी बोलू?"

"बोल. पर माझं नाव घेऊ नको. सासऱ्याचं तर आजाबात नको. म्हातारा वाईट न्हाई गं. थंडीत कुडकुडत उभा ऱ्हातो माझ्यापायी."

बाकीच्या बायकांनीही तेच सांगितलं. बोलायला हवं यावर एकमत, आणि नाव कुणाचं घ्यायचं नाही यावरही एकमत. सारिकाला हसू आलं आणि रागही आला. ज्या एका मुद्द्याने बस वाचली असती, तो बोलायचा म्हणजे कुणाच्या तरी घराची झाकली मूठ उघडायची. दुसऱ्याची उघडायची नसेल तर उरली आपली.

गुरुवार हा प्रदीपच्या सुट्टीचा दिवस. संध्याकाळी तो ओट्याशी उभा राहून लसूण सोलत होता. सुट्टीच्या दिवशी घरी तोच स्वयंपाक करतो. सारिकाने सरळ विचारलं, "अहो, बस बंद झाली तर मी पहिल्या लोकलने जाऊ ना?"

प्रदीपचा हात थांबला. "बंद होणारे का?"

"झाली तर."

"बघू," प्रदीप म्हणाला आणि पुन्हा लसूण सोलू लागला.

सारिकाला नवऱ्याचं "बघू" पुरतं ओळखीचं होतं. अठरा वर्षांत त्या बघूनंतर काही बघितलं गेल्याचं तिला आठवत नव्हतं. बाहेरच्या खोलीत श्रीपती टीव्हीवर बातम्या लावून बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आबा, तुमच्या वेळी असा करार आला असता तर काय केलं असतं?"

श्रीपतींनी आवाज कमी केला. असल्या प्रश्नाची ते वाटच बघत असत. "करारात काय मिळालं ते मागून बघायचं. काय गेलं ते आधी बघायचं. आणि ज्याचं गेलं, त्याला बोलू द्यायचं."

"माझंच जातंय, आबा."

श्रीपती तिच्याकडे बघत राहिले. त्यांना चार वर्षांपूर्वीचा आठवडा आठवला असावा. कारण त्यांनी रिमोट उचलला, पण आवाज वाढवला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कैलासने घाई केली. त्याचा चुलतभाऊ फ्लेक्स छापतो. सभेत करार मान्य होणार यात कैलासला शंका नव्हती, म्हणून फ्लेक्स छापून तयार होते. तयार फ्लेक्स घरात ठेवणं म्हणजे भूक लागलेली असताना ताट झाकून ठेवणं. त्याने सुदुंबऱ्याच्या चौकात एक लावला, आणि लोणावळ्याच्या कामगारांचा मान राखायला म्हणून दुसरा लोणावळ्यात. "सतरा हजारांचा ऐतिहासिक करार! सर्व कामगार बांधवांचे अभिनंदन!" खाली कमिटीचे फोटो. सगळ्या मिशांच्या मधोमध सारिका, हिरव्या साडीत. बाईमाणूस फोटोत बरं दिसतं हे खरंच होतं.

शनिवारी पहाटे बस फ्लेक्सखालून गेली आणि आतमध्ये भडका उडाला. कार्ला फाट्याला चढलेल्या ओंकारला कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त तोच पेटला. "आमी अजून हात वर केला न्हाई, आन् आमचं अभिनंदन कोण करतंय? आमी काय मेंढरं हाय का?" परवा बाईकचा हिशेब करणारा हाच ओंकार. मागच्या सीटवरून आवाज आला, "कमिटीवाले तर हितंच बसल्यात की पहिल्या सीटवर. इचारा त्यांना." सारिकाने मागे वळून सांगितलं, की फ्लेक्सचं तिला विचारलं नव्हतं. कुणाचा विश्वास बसला असं वाटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला ती सीट टोचली.

दुपारी पाळी सुटली. पहिल्या पाळीचे बाहेर येत होते, दुसऱ्या पाळीचे आत जायच्या तयारीत, आणि गेटसमोरच्या मोकळ्या जागेत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. बायका सायकल स्टँडच्या बाजूला, नेहमीच्या जागी. रस्त्याकडेला टेम्पोत गुलालाची पोती आणि फटाक्यांची माळ तयार होती. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. कैलासने करार वाचला. सतरा हा शब्द त्याने तीन-चार वेळा वाचला. टाळ्या पडल्या, पण जशा पडायला हव्या होत्या तशा नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "आधी फ्लेक्सचं सांगा!" आणि हशा झाला. कैलासचा चेहरा पडला. त्या गडबडीत सारिका पुढे गेली आणि म्हणाली, "कैलासभाऊ, मला बोलायचंय."

तिने माईक हातात घेतला. बसमध्ये बोलावं तसं बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. पण बसमध्ये समोर काच असते, इथे चेहरे होते. बरेचसे ओळखीचे. त्यातले काही प्रदीपच्या हातचं मटण खाऊन गेलेले.

"बस बंद करायची म्हणतात. तुमचं बरोबर आहे, मागच्या सीटा रिकाम्या असतात. पण पुढच्या भरलेल्या असतात, आणि त्या का भरलेल्या असतात ते मी सांगते. मी माझंच सांगते, दुसऱ्या कुणाचं नाही." इथे तिने एकदा सायकल स्टँडकडे बघितलं. "चार वर्षांपूर्वी आठवडाभर बस नव्हती. तुम्ही सगळे लोकलने आलात. मी आले नाही. मला ताप आला होता असं मी कळवलं. ताप नव्हता. माझ्या नवऱ्याने जाऊ दिलं नाही. अंधारात एकटी जायचं नाही म्हणाले. मी कमिटीवर आहे, तुम्ही मला ताई म्हणता, वाघीण म्हणता. आणि मी चप्पल काढून घरात बसले."

मागे कुणीतरी फिदकन हसलं. दोन-तीन मोबाइल वर झाले होते. हे प्रदीपपर्यंत आपल्या आधी पोचणार, हे तिला कळत होतं, आणि तरी ती थांबली नाही.

"माझा नवरा मारकुटा नाही, दारूडा नाही. चांगला माणूस आहे. तुमच्यासारखाच आहे. भत्ता हजेरीवर आहे ना? मग जी बाई येणारच नाही, तिला तुम्ही भत्ता कसला देणार? सतरा हजारांत आमचे सतरा रुपयेही नाहीत. आकडा मोठा दिसतोय तो आमच्यामुळे. एवढंच."

तिने माईक कैलासच्या हातात दिला. टाळी पडली नाही. ती सायकल स्टँडकडे आली तेव्हा अनिता खाली बघत होती. तिने जरा सरकून जागा करून दिली, पण मान वर केली नाही.

"मान्य असेल त्यांनी हात वर करा," कैलास म्हणाला. हात वर झाले, पण गर्दीच्या मानाने विरळ. कैलासने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने विचारलं. तेवढेच. मग "अमान्य?" म्हटल्यावर पुरुषांमधून हातांचं रान उठलं. ओंकारने तर दोन्ही हात वर केले. बायकांमध्ये एकच हात वर होता, तो सारिकाचा. बाकीच्यांनी दोन्ही वेळा डब्याच्या पिशव्या घट्ट धरून ठेवल्या होत्या.

करार कशाने पडला, याबद्दल आजही कंपनीत दोन मतं आहेत, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांचं एकच मत आहे: फ्लेक्सने पडला. घाई कैलासला नडली, असं सुदुंबऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. सारिकाचं बोलणं त्या चर्चेत येतच नाही. पुढे दसऱ्याला करार झाला, साडेपंधराचा. लोणावळ्याची बस राहिली, कारण तिच्यावर पुन्हा चर्चा करण्याची कुणाला ताकद उरली नव्हती. काहीजण मात्र सारिकाला टोमणा मारतात, की बाईची बस राहिली आणि आमचा सतराचा आकडा गेला. कैलास तिच्याशी महिनाभर बोलला नाही, मग एक दिवस स्वतःच चहा घेऊन आला.

पण हे सगळं मागाहून. त्या शनिवारी गुलालाची पोती न उघडता परत गेली, आणि बस सुदुंबऱ्याहून निघाली ती गप्प. कामशेतजवळ म्हातारा काठी घेऊन उभा होता. उतरताना अनिताने सारिकाच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि म्हाताऱ्याच्या मागे चालू लागली. हनुमंत आरशातून सारिकाकडे बघत होता. "ताई, बोललीस चांगलं," तो म्हणाला. "माझं पन नाव घेतलं न्हाईस ते एक बरं केलंस."

लोणावळ्यात शनिवारच्या पर्यटकांनी रस्ता तुंबवला होता. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग हलत नव्हती. सारिका वलवणलाच उतरली आणि गाड्यांच्या बाजूबाजूने चालत घरी निघाली. चालताना तिला प्रदीपची भीती वाटत नव्हती. दया येत होती, आणि ती भीतीपेक्षा जड होती. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मध्ये स्वयंपाक्यांना थोडी मोकळीक असते. घरी पोचली तर प्रदीप दाराच्या पायरीवर बसलेला, कपड्यांना फोडणीचा वास, हातात मोबाइल.

"सगळ्या किचनने बघितलं," तो म्हणाला.

सारिका त्याच्या शेजारी पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"वेटर पोरंसुद्धा. कुणी काही बोललं नाही. मला म्हणाले, भाजी खाली लागली बघा." त्याने मोबाइल पायरीवर पालथा ठेवला. "माझं चुकलं असेल. पण असं चारचौघांत सांगायचं?"

"घरात विचारलं होतं. परवा. तुम्ही लसूण सोलत होता."

प्रदीपने मान हलवली. त्याला आठवत होतं. समोरच्या गाडीतली पोरं खिडकीतून बाहेर लोंबकळून गाणी म्हणत होती आणि गाडी इंचभर पुढे सरकत होती. आतल्या खोलीतून श्रीपती खोकले, पण बाहेर आले नाहीत.

"मी काय ठरवलंय सांगू?" प्रदीप म्हणाला. बराच वेळ त्याचाच विचार करत असावा, कारण आता त्याचे डोळे उजळले होते. "ती बस राहू दे नाहीतर जाऊ दे. मी तुला सोडत जाईन स्टेशनला. रोज पहाटे. रात्री कितीही वाजता येऊ दे मला, साडेचारला उठेन. तुला एकदासुद्धा रजा घ्यावी लागणार नाही. शब्द आहे माझा."

सारिकाला भडभडून आलं. मध्यरात्री येऊन साडेचारला उठणारा माणूस, आणि तो खरंच उठला असता. हो म्हणणं किती सोपं होतं. फाट्यावर कुडकुडत उभा राहणारा म्हातारा तिच्या डोळ्यांसमोर आला. तोही वाईट नव्हता.

"सोडायला नका येऊ," ती म्हणाली. "झोपून राहा. मी दार ओढून घेईन."

प्रदीप तिच्याकडे बघत राहिला. त्याला नीट कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि ते गिळायला वेळ लागत होता.

"आणि मला जाग आली तर?"

"तर कूस बदला," सारिका म्हणाली.